सगळ्यांची पट्टी

रायपूरच्या तेलीबांधा तलावाला लोक आता ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, पण नाव चिकटले ते चिकटलेच. संध्याकाळी काठावरच्या वाटेवर फिरणाऱ्यांची रीघ, खाण्याच्या गाड्या, उंच खांबावर भलामोठा तिरंगा. धमतरीकडे जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी पूर्वी तेलीबांध्याच्या स्टेशनात थांबायची. तिचे रूळ निघाले आणि त्या जागेवरून आता एक्स्प्रेस-वे जातो. वस्ती सगळी मिसळलेली आहे. सिंधी, पंजाबी, छत्तीसगढी, ओडिया, गुजराती आणि तात्यापारा, चौबे कॉलनी भागांतली जुनी मराठी घरे. या सगळ्यांना एका वेळी एकच गाणे म्हणायला सांगितले तर कोणते निघेल? सिनेमाच्या गाण्यांवर भांडण होईल. शाळेतल्या प्रार्थनेवर होणार नाही.

हिंदी शाळांत वर्षानुवर्षे म्हटल्या गेलेल्या प्रार्थनांपैकी दोन तर सिनेमातल्याच आहेत. एक ‘दो आँखें बारह हाथ’मधली (१९५७), दुसरी ‘गुड्डी’तली (१९७१). दोन्हींच्या चाली वसंत देसाईंच्या. कुडाळ-सावंतवाडीकडचा हा माणूस व्ही. शांताराम यांच्या तालमीत वाढला आणि पुढे शाळांमधल्या मुलांचे प्रचंड मेळावे जमवून त्यांच्याकडून समूहगीते बसवून घेऊ लागला. चाल अशी बांधायची की दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याने तिसऱ्यांदा ती म्हणावी, हे कसब त्यांना साधले होते.

देसाई संगीतकार होते, मैफलीचे गवई नव्हेत. ज्याला गवई म्हणून नाव कमावता आले असते आणि तरीही ज्याने आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे दुसऱ्यांना एकत्र गायला लावण्यात घातली, असा एक मराठी माणूस त्यांच्या आधी होऊन गेला. त्याचे नाव पंडित नारायण मोरेश्वर खरे. गांधींच्या साबरमती आश्रमात ते नुसते ‘पंडितजी’ होते.

खरे यांचा जन्म १८८९ सालचा, तासगावचा. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. घरात आईकडून गाणे आले, शिक्षण मिरजेत झाले. मिरजेचे त्या काळातले महत्त्व काय सांगावे? तंतुवाद्ये तिथे घडत होती आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे शिकवून गेले होते. त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी खरे यांचा आवाज ऐकला आणि त्यांना आपल्या गांधर्व महाविद्यालयात घेतले. लाहोरला ५ मे १९०१ रोजी सुरू झालेले हे महाविद्यालय १९०८मध्ये मुंबईतही उघडले होते. खरे तिथे शिकले आणि शिकवूही लागले.

विष्णु दिगंबरांच्या शाळेत समूहाला फार मान होता. गाणे दरबारातून आणि कोठ्यांवरून उचलून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणायचे, तर ते आधी वर्गात, रांगेत बसलेल्या मुलांच्या तोंडी आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. १९२३मध्ये काकीनाड्याला अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी त्याला हरकत घेतली, तरी बुवांनी गाणे पुरे केले. गांधींच्या सभांमुळे देशभर पोचलेल्या रामधुनीची चालही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. बुवांचा आवाज तीनही सप्तकांत फिरणारा होता आणि बैठकीत ते तानांचा पाऊस पाडत. पण रामधून बांधताना त्यांनी त्यातले काहीच वापरले नाही. ओळ छोटी, फिरून घरी येणारी, ताल टाळीने धरता येईल असा.

हा संयम शिष्यांपैकी सर्वांत पूर्णपणे उचलला तो खरे यांनी.

गांधींनी आश्रमासाठी विष्णु दिगंबरांकडे गायक मागितला आणि १९१८च्या सुमारास खरे अहमदाबादला गेले. वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर. गवयाच्या कारकिर्दीत हा काळ नाव करण्याचा असतो. गुरुबंधूंकडे पाहिले की खरे यांनी काय सोडले ते कळते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांनी पुढे परिषदा गाजवल्या. नारायणराव व्यासांच्या तबकड्या घराघरांत वाजल्या. पटवर्धनबुवा तर बालगंधर्वांबरोबर रंगभूमीवर उभे राहिले. खरे यांच्या वाट्याला पहाटे ४ वाजून २० मिनिटांची प्रार्थना आली. अर्धवट झोपेतले श्रोते, त्यांत विणकर, शेतकरी, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाया, मुले, पाहुणे, आणि अधूनमधून एखादा परदेशी. पुन्हा श्रोते तरी कसले? ऐकायला कुणी बसलेच नव्हते. सगळ्यांनी गायचे होते.

या कामाची अवघड बाजू बाहेरच्याला सहसा दिसत नाही. ती पट्टीत आहे.

पुरुषाचा गळा पेटीवर साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास मोकळा होतो. बाईचा काळी चार, काळी पाचला. मध्ये चार-पाच स्वरांचे अंतर पडते. मैफलीत हा प्रश्न येत नाही, कारण गवई स्वतःचा षड्ज लावतो आणि तानपुरा त्याच्यासाठी जुळतो. भजनाला दोघे एकत्र बसले की कुणाची पट्टी धरायची? पुरुषांची धरली तर बायकांचा आवाज खर्जात बुडतो. बायकांची धरली तर अंतऱ्याला पुरुष ओरडू लागतात. मधली पांढरी चार किंवा पाच घेतली तर दोघांनाही थोडेथोडे अवघडायला होते. रायपूर असो की पुणे, ज्या भजनी मंडळात स्त्री-पुरुष एकत्र गातात तिथे पेटीवाल्याला हा वाद ठाऊक असतो. आवाजांना आणि भावनांना सांभाळून घेत तो दर वेळी तडजोड काढतो.

गोव्याच्या चर्चमधल्या मेस्त्रींना, म्हणजे संगीतशिक्षकांना, हा पेच असा पडला नाही. त्यांनी चार आवाज वेगळे केले आणि प्रत्येकाला त्याची सुरावट दिली. उंच बायका, खालच्या बायका, उंच पुरुष, खालचे पुरुष. कुणालाच ताणावे लागत नाही. पुढे सलील चौधरी आणि रूमा गुहाठाकुरता यांनी १९५८मध्ये कलकत्ता यूथ क्वायर उभा केला, मद्रासला एम. बी. श्रीनिवासन यांनी तसाच प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी देशी चालींना ही स्वरसंगती जोडली. रागसंगीताच्या माणसाला मात्र ते सहज पचत नाही. राग एका रेषेने चालतो. त्याच्या खाली-वर दुसरी रेषा धरली की राग डळमळतो. म्हणून खरे यांच्यासारख्याला सगळा हिशेब चालीतच करावा लागतो. पल्ला आखूड ठेवायचा. तार षड्जाच्या वर चाल न्यायची नाही, खर्जात उतरू द्यायची नाही. शब्द जिथे जड तिथे स्वर सोपा ठेवायचा. मींड ठेवायची, कारण ती सामान्य गळ्यालाही लागते. मुरकी काढून टाकायची, कारण शंभर जणांच्या शंभर मुरक्या झाल्या की गलका होतो. पुढच्याने ओळ टाकायची, मागच्यांनी उचलायची, आणि त्या दोन ओळींच्या मध्ये श्वासाला जागा सोडायची.

यातले प्रत्येक काम गवयाने आयुष्यभर कमावलेल्या सवयीविरुद्ध जाते. ज्या जागा घेता येतात म्हणून त्याला दाद मिळते, त्याच त्याला गाळायच्या असतात. मोठ्या गवयांनी गायलेली भजने ऐकली की भक्ती जाणवते, तयारीही जाणवते. त्यांच्याबरोबर गावेसे मात्र क्वचित वाटते. तेही योग्यच आहे, त्या भजनांचा तो हेतूच नसतो. मैफल रंगवणारा गवई समूहाला हमखास बिघडवतो, हे कुठल्याही आरतीत पाहावे. शेजारच्या चार जणांनी मान डोलवावी म्हणून एकजण आलाप घेतो, आणि उरलेले चाळीसजण गप्प होतात.

खरे यांनी आश्रमात केलेल्या कामाचा लेखी पुरावा म्हणजे ‘आश्रम भजनावली’. त्यात संस्कृत श्लोक आहेत, गुजराती, हिंदी, मराठी, बंगाली, सिंधी पदे आहेत, ख्रिस्ती प्रार्थनागीतेही आहेत. तुकाराम आणि नरसी मेहता एकाच पुस्तिकेत येतात. संध्याकाळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हटले जात. स्त्रियांची वेगळी प्रार्थना असे आणि तिच्यात द्रौपदीचा धावा होता. निवड करताना काकासाहेब कालेलकरांसारख्यांचाही हात होता, पण ती पदे गळ्यावर चढवण्याची जबाबदारी खरे यांची. गुजराती माणसाच्या तोंडी तुकोबांचा ‘ळ’ बसवायचा आणि मराठी माणसाला नरसी मेहतांच्या शब्दांकडे वळवायचे, हा उच्चारांचा रियाज त्यांनी किती केला असेल! १९३०मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधींनी या भजनावलीतल्या पदांची शिष्या मीराबेनसाठी इंग्रजी भाषांतरे केली. त्यावरून जॉन हॉयलंड यांनी १९३४मध्ये लंडनला एक पुस्तक काढले. अर्थ समुद्रापार गेला. चाल इकडेच राहिली.

आश्रमाबाहेर, अहमदाबाद शहरातही खरे यांनी गाण्याचे वर्ग चालवले आणि गुजराती मध्यमवर्गीय घरांतल्या मुलामुलींना स्वर शिकवले. गुजरातेत शास्त्रीय संगीताला पांढरपेशा घरांत प्रतिष्ठा मिळाली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. विष्णु दिगंबर २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत वारले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्यमंडळी अहमदाबादेत जमली. तिथे गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा देणाऱ्या आजच्या हजारो मुलांना त्या जागेचे महत्त्व कुणी सांगत नाही.

यापूर्वीचा १९३०चा वसंत ऋतू खरे यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण. फेब्रुवारीत आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. त्यांत खरे यांचा मुलगा वसंत होता. १२ मार्चला गांधी दांडीकडे निघाले तेव्हा निवडलेल्या सत्याग्रहींच्या यादीत खरे होते. सुमारे ३८५ किलोमीटर, २४ दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. ध्वनिक्षेपक तेव्हा अपवादाने दिसायचा. पाठीवर एकतारी घेऊन चालणारा चाळिशीतला गवई गाव आले की षड्ज धरायचा आणि आधी कधीही न भेटलेल्या माणसांकडून रामधून म्हणवून घ्यायचा. गाव बदलले की गळे नवे. तालीम घ्यायला वेळ नाही. पहिल्या दोन आवर्तनांत जमले तर जमले.

मराठी माणसाला हे चित्र परके वाटू नये. वीणेकरी, टाळकरी दोन रांगांत, मृदंग मध्ये आणि पाय चालत आहेत: दिंडी म्हणजे चालता समूहगानच. तिथे चाल कोण उचलणार, कोण थांबणार, अभंगाचा वेग कधी वाढणार याचे दंडक शेकडो वर्षांत ठरलेले आहेत आणि हात हलवून ठेका दाखवणारा कुणी लागत नाही. छत्तीसगढातही नवधा रामायणाच्या मंडळ्या नऊ-नऊ दिवस मानस गातात. गावोगावच्या मंडळ्या पाळीने येतात, पेटी-ढोलक घेऊन बसतात, आणि ऐकणाऱ्यांना चौपाया पाठ असल्याने ते आपोआप साथीला मिळतात. रायपूरच्या माणसाला समूहगान शिकवावे लागत नाही. पण या दोन्हीकडे गाणारा मुळातच त्या परंपरेत वाढलेला असतो. दांडीच्या वाटेवरची माणसे वेगवेगळ्या जातींची, पंथांची, आणि एकत्र गाण्याची त्यांना सवय नव्हती. कित्येक गावांत ती एका जागी बसायलाही राजी नव्हती. तिथे एक पट्टी धरणे हे केवळ संगीताचे काम उरत नाही.

१९३३च्या नोव्हेंबरात हरिजन यात्रेत गांधी रायपूरला आले आणि बुढापाऱ्यात रविशंकर शुक्लांच्या घरी राहिले. त्यांच्या मुक्कामी प्रार्थना चुकत नसे, आणि ती साबरमतीत घडलेली प्रार्थना होती. ज्याने ती घडवली तो गृहस्थ रायपूरकरांना माहीत असण्याचे कारण नव्हते. आजही नाही.

आज इथला संगीताचा विद्यार्थी खरे हे नाव वाचतो ते भलत्याच प्रकरणात. रायपूरपासून जवळच खैरागढला १९५६मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे मराठी विद्वान तिथे कुलगुरू होते. रातंजनकर भातखंड्यांचे पट्टशिष्य, म्हणजे दहा थाटांच्या घराण्यातले. भातखंड्यांनी राग दहा थाटांत बसवले, ते सोयीचे झाले आणि पाठ्यपुस्तकांत टिकले. संगीताच्या वरच्या परीक्षांना मात्र आणखी एक पद्धत विचारतात, रागांग वर्गीकरण, आणि तिचे कर्ते नारायण मोरेश्वर खरे. त्यांचे म्हणणे असे की निव्वळ स्वर मोजून रागाचे नाते ठरत नाही. ते ठरते त्याच्या ओळखीच्या स्वरवाक्यावरून. सारंगचे अंग, कानड्याचे अंग, बिलावलचे, कल्याणचे, मल्हारचे. अशी तीस अंगे त्यांनी सांगितली. थाटाने भूप आणि देशकार वेगळ्या खणांत पडतात हे कळते; का पडतात हे गळ्याला कळते ते अंगाने.

प्रार्थनेचा पंडित आणि रागांगाचा शास्त्रकार ही दोन माणसे आहेत असे समजून अनेकजण चालतात. इथे जरा थांबावेसे वाटते. रागाचा सारा विस्तार बाजूला ठेवून त्याची ओळख पटवणारे चार-पाच स्वरांचे वाक्य शोधायचे, हे रागांगाचे काम. शंभर अनोळखी माणसांना पहिल्या फेरीत उचलता येईल असे चार-पाच स्वरांचे वाक्य शोधायचे, हे पहाटे चार वीसचे काम. एकाच माणसाच्या कानाने दोन्ही केली असतील तर नवल कसले?

मराठी संगीतलेखनाने या कामाची फारशी दखल घेतली नाही. आपल्याकडे गवयाचे चरित्र घराणे, गुरू, गाजलेल्या बैठका, तबकड्या, रुसवेफुगवे अशा ठरल्या क्रमाने लिहिले जाते. त्या साच्यात समूहाकडून गाऊन घेणारा बसत नाही, कारण त्याची बैठक सांगायची कशी? मास्तर कृष्णरावांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटीत बांधले आणि ते समूहाला व बँडला पेलते हे दाखवण्यासाठी स्वातंत्र्याच्या सुमारास दिल्लीपर्यंत धडक मारली. तरी लोक त्यांना आठवतात ते नाट्यपदांसाठी आणि ‘माणूस’, ‘शेजारी’सारख्या चित्रपटांच्या संगीतासाठी. दिल्लीत विनायकराव पटवर्धनांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९मध्ये गांधर्व महाविद्यालय काढले आणि तिथे पुढे गांधर्व क्वायर उभा राहिला. १९७४च्या ‘एक अनेक और एकता’ या फिल्म्स डिव्हिजनच्या छोट्या चित्रपटातले समूहगीत मौद्गल्यांनीच लिहिलेले. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, संगीत वसंत देसाईंचे. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या एका अख्ख्या पिढीला ते तोंडपाठ आहे. विष्णु दिगंबरांच्या शाळेतली ओळ आणि कुडाळकडची चाल तिथे एकत्र आली, हे श्रेयनामावली वाचेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

खरे यांचा शेवट कामातच झाला. काँग्रेसचे अधिवेशन १९३८च्या फेब्रुवारीत सुरतजवळच्या हरिपुऱ्याला भरायचे होते. गाण्याच्या तयारीसाठी ते आधीच तिथे पोचले, न्यूमोनिया झाला, आणि ६ फेब्रुवारीला गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. १९ तारखेला सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन सुरू झाले. त्याच मंडपासाठी गांधींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी चित्रे रंगवली होती: ढोलकवाला, सुतार, कुस्तीगीर, दळणारी बाई. ‘हरिपुरा पोस्टर्स’ या नावाने ती भारतीय कलेच्या इतिहासात गेली आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यातली बरीच पाहायला मिळतात. गाणे असे भिंतीवर लावता येत नाही. भजनावली मात्र नवजीवन प्रकाशन अजून छापते, खिशात मावेल एवढी. तिच्यात पदाच्या माथ्यावर रागाचे नाव असते आणि शेजारी तालाचे. स्वरलिपी नाही, पट्टीही दिलेली नाही. ती पेटीवाल्याने समोर कोण बसले आहे ते पाहून धरायची.